सेवा, गुण आणि ऋण

आपल्या भाषेत 'गुण' ह्या एकाच शब्दाने दोन अगदी भिन्न वस्तूंचा निर्देश होतो. मनुष्याच्या अंगी वसणारा चांगुलपणा तोही गुण, आणि परीक्षकाने उत्तरपत्रिकेच्या समासात मांडलेला आकडा तोही गुण. एरवी ह्या दोन अर्थांची गाठ पडण्याचा प्रसंग फारसा येत नसे. गणितात नव्वद गुण मिळविणारा मुलगा अंगच्या गुणांनीही तितकाच संपन्न असेल, असे त्याच्या आईवाचून कोणी मानीत नसे. परंतु समाजसेवेचा महाविद्यालयीन अभ्यासक्रमात अंतर्भाव झाल्यापासून हे दोन अर्थ एकमेकांसमोर येऊन उभे राहिले आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणास अनुसरून महाराष्ट्रात पदवी-अभ्यासक्रमांची जी नवी मांडणी झाली, तीत क्षेत्रीय प्रकल्प व समाजसहभाग ह्यांस इतर विषयांप्रमाणेच श्रेयांक ठेविलेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये समाजसहभागासाठी जो दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सुचविला, त्यात एक श्रेयांक वर्गातील अध्ययनास आणि दुसरा लोकांत जाऊन केलेल्या कामास आहे. म्हणजे खेड्यात केलेल्या कामाचे मोजमाप आता रसायनशाळेतील प्रयोगाप्रमाणे तासांत आणि गुणांत व्हावयाचे. ह्यातून उत्पन्न होणारा प्रश्न वेळापत्रकाचा नाही, नीतिशास्त्राचा आहे. गुणांसाठी केलेली सेवा ही सेवा होय काय? आणि नसेल, तर तिला म्हणावे तरी काय?

हा प्रश्न आपल्या देशात आज प्रथमच निघाला आहे असे नव्हे. डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालील विश्वविद्यालयीन शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचा पुरस्कार केला, परंतु ती स्वेच्छेची असावी असे म्हटले. पुढे १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने नेमका उलट पक्ष घेतला. माध्यमिक शिक्षण संपवून विश्वविद्यालयात पाऊल टाकू पाहणाऱ्या प्रत्येकाने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी त्या समितीची शिफारस होती. लगेच १९६० मध्ये प्रा. के. जी. सैयदैन ह्यांनी इतर देशांतील व्यवस्थांचा अभ्यास करून स्वेच्छेचाच मार्ग बरा, असा अभिप्राय दिला. ह्या वादातून अखेर निघाली ती राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर, असे तिचे रूप ठरले. सामील होणे मात्र विद्यार्थ्याच्या इच्छेवर राहिले. १९७३ च्या दुष्काळी दिवसांत 'दुष्काळाविरुद्ध युवक' हेच तिच्या शिबिरांचे घोषवाक्य होते. मेक्सिको देशाने १९३६ मध्येच वैद्यकाच्या विद्यार्थ्यांस खेड्यांत धाडण्यास आरंभ केला आणि पुढे कायद्याने सर्व पदवीधरांवर सामाजिक सेवा बंधनकारक केली. अमेरिकेतील मेरीलँड संस्थानात शाळा सोडण्यापूर्वी ७५ तास सेवा करावी असा नियम आहे. तात्पर्य, सक्ती की स्वेच्छा हा झगडा जुना आहे, आणि दोन्हीकडे शहाणी माणसे आहेत.

नांदेड-लातुराकडे मात्र ह्या झगड्यास एक निराळीच धार चढते. लातूर हे गाव आज साऱ्या महाराष्ट्रास 'लातूर पॅटर्न'मुळे ठाऊक आहे. पाठ्यक्रम लवकर संपवावा, मग चाचणीमागून चाचणी घ्यावी, आणि एकेका गुणासाठी विद्यार्थ्यास तासून काढावे, ही ती पद्धत. तिची टिंगल करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्यांच्या घरी चार पिढ्यांत पदवीचा कागद आला नव्हता अशा कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले ह्याच पद्धतीने डॉक्टर व इंजिनियर झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांशी बरोबरी करण्यास त्यांच्याजवळ आकड्याखेरीज दुसरे शस्त्र नव्हते. पण ह्याचा परिणाम असा की आमच्याकडे गुण हेच चलन होऊन बसले. भाड्याच्या खोलीत तिघे-चौघे मिळून राहणाऱ्या आणि घरून आलेल्या डब्यावर दिवस काढणाऱ्या मुलास "ह्याला किती मार्क आहेत?" असे विचारण्यावाचून गत्यंतर नसते. अशा बाजारात सेवा ही वस्तू विक्रीस मांडली, तर तिचाही भाव होणारच. मूल खेड्यातून परत येते ते काय पाहिले हे सांगत नाही. वहीवर सही मिळाली की नाही हे सांगते.

सक्तीच्या विरुद्ध असणारे लोक येथेच बोट ठेवतात. त्यांचे म्हणणे असे की, सत्कृत्याचे सत्त्व हेतूत असते. गीतेने फळाची आस टाकण्याचा उपदेश केला. जर्मन तत्त्वज्ञ कांट ह्यानेही लाभासाठी केलेल्या कृत्यास नैतिक मोल नाही असेच प्रतिपादन केले. मग ज्या कृत्याच्या शेवटी दोन श्रेयांक टांगलेले आहेत, त्यात नीतीचा अंश उरतो तो किती? दुसऱ्या पक्षाचे उत्तर ॲरिस्टॉटलच्या विचारात सापडते. न्यायाची कृत्ये करूनच मनुष्य न्यायी होतो. सद्गुण हा सवयीने अंगी बाणतो, आणि सवय लावावयाची तर आरंभी थोडी बळजबरी आलीच. हा पक्ष आम्हांस अगदीच टाकाऊ वाटत नाही. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वारात गेलेल्या वाचकांनी पाहिले असेल की, तेथे यात्रेकरूंचे जोडे सांभाळणारे, लंगरातील ताटे घासणारे आणि पोळ्या लाटणारे लोक कोणत्याही हजेरीपटावर सही करीत नाहीत. त्यांत लहान मुलेही असतात. त्या मुलांस कोणी नीतिशास्त्र शिकविलेले नसते. बापाने हाती बादली दिली म्हणून ती पंक्तीत वाढू लागतात, आणि मोठेपणी बादली देणारा कोणी नसला तरी वाढतच राहतात. तेव्हा सवयीतून सेवा उपजते हे खरे. पण तेथे बादली देणारा बाप स्वतः शेजारी वाढीत असतो, आणि वाढल्याबद्दल गुण मिळत नाहीत, हेही तितकेच खरे. आम्ही सवय लावावयास निघालो आहोत खरे, पण कशाची? सेवेची, की सेवेच्या नोंदीची?

ह्या दोन्ही पक्षांचे वाद आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहो, आणि दोहोंत एकच उणीव आम्हांस जाणवत आली आहे. एक पक्ष विद्यार्थ्याचा हेतू तपासतो, दुसरा विद्यार्थ्याची सवय. परंतु दोघांचीही दृष्टी विद्यार्थ्याच्या अंतःकरणावरच खिळलेली. ज्याची सेवा करावयाची तो मनुष्य ह्या सबंध चर्चेत कोठेच दिसत नाही. खेडे हे जणू एक व्यायामशाळा आहे, आणि तेथे जाऊन आपल्या मुलांनी सद्गुणांची तालीम करावी, एवढाच त्याचा उपयोग! मुखेड तालुक्यातील एका लहानशा गावी विद्यार्थ्यांची एक तुकडी घरोघर प्रश्नावली भरून घेत असता एका वयस्क बाईने एका मुलास विचारले, "मागल्या साली बी पोरं आलती. संडास हाय का, नळ हाय का, समदं लिहून नेलं. मग पुढं काय झालं, बाबा?" मुलगा सरळ मनाचा होता. तो म्हणाला, "मावशी, ती मागच्या वर्षीची मुलं होती. आम्ही नवीन आहोत." बाईने पुढे काही न विचारता पुन्हा सर्व सांगितले, आणि मुलाने पुन्हा सर्व लिहून घेतले. ह्यात त्या मुलाचा दोष कोणता? त्याचा हेतू वाईट नव्हता. सवयही चांगलीच लागत होती. तरीही काहीतरी अनुचित घडले हे कोणासही कळेल. त्या बाईने आपला वेळ आणि आपल्या घरची उणी गोष्ट दोनदा दिली, आणि तिच्या हाती काहीही आले नाही. सेवा कोणी कोणाची केली, असा हिशेब मांडू गेल्यास तो मुलांच्या बाजूने निघणार नाही.

म्हणून आमच्या मते येथे 'सेवा' हा शब्दच प्रथम बाजूस ठेवावा आणि त्याच्या जागी 'ऋण' हा शब्द घ्यावा. आपल्या परंपरेत मनुष्य ऋणे घेऊनच जन्मतो असे मानिले आहे. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही तीन सर्वांस परिचित आहेत. शतपथब्राह्मणात मनुष्यांचे ऋणही त्यांच्या जोडीस सांगितले आहे. अर्थात ज्या समाजात बहुसंख्यांस विद्येचा अधिकारच नव्हता, तेथे ऋषिऋणाची भाषा थोड्यांपुरतीच होती, हे विसरून चालणार नाही. आधुनिक अर्थाने हे ऋण महाराष्ट्रास कोणी दाखवून दिले असेल तर ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि त्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरी पडतो. जो शिकला तो कोणाच्या तरी पैशाने शिकला, आणि तो पैसा देणारा बहुधा शाळेबाहेर राहिला, ही ती ऋणाची बेरीज आहे.

मराठवाड्यातील महाविद्यालयांवर तर हे ऋण दुहेरी आहे. निजामी राज्यात १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले, तेव्हा त्यांतील कित्येकांस शिक्षण पुरे करण्यासाठी नागपूर गाठावे लागले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिकविणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी त्याच वर्षी अध्यापन सोडून सत्याग्रहाचा मार्ग धरिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. त्यानंतर १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेले, नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे ज्याच्या कक्षेत आहेत ते विद्यापीठ ह्याच शिक्षक-संन्याशाचे नाव धारण करते. आमच्याकडे आधी लोकांनी झीज सोसली आणि मग वर्ग भरले. ज्या बाकावर बसून आमचा विद्यार्थी समाजसेवेचे टिपण घेतो, तो बाकही कोणाच्या तरी झिजेतून आला आहे.

ऋण हा शब्द घेतला की गुंत्याचे पुष्कळसे धागे आपोआप सुटतात. पहिली गोष्ट, सक्तीचा बाऊ उरत नाही. देणे फेडावयास लावणे हा कोणी जुलूम मानीत नाही. दुसरी गोष्ट, हेतूची चिकित्सा अनावश्यक ठरते. कर्ज हसत फेडले काय आणि कुरकुरत फेडले काय, फेडले म्हणजे झाले. हसत फेडणाऱ्याविषयी आपणांस अधिक आदर वाटेल, एवढेच. तिसरी गोष्ट, उपकाराचा ताठा नाहीसा होतो. विद्यापीठे व महाविद्यालये 'गाव दत्तक घेतले' असे म्हणतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही प्रत्येक संस्थेकडे पाच गावे सोपविण्याची कल्पना आहे. कल्पना चांगली, पण 'दत्तक' हा शब्द पाहावा! ऋणकोने धनकोस दत्तक घेतल्याचे उदाहरण कोणत्याही धर्मशास्त्रात सापडावयाचे नाही. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ऋण फेडणाऱ्यास बक्षीस मिळत नाही, पावती मिळते. आणि ती पावती धनकोने द्यावयाची असते. आज आमच्याकडे पावती देतो तो प्राध्यापक, म्हणजे ऋणकोच्याच घरचा माणूस. ज्याचे देणे होते त्यास पोचले की नाही, हे त्याला कोणीच विचारीत नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. आमच्या वर्गांत बसणारी निम्मीअधिक मुले स्वतःच त्या खेड्यांतून आलेली असतात. कोणाचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीस जातात, कोणी किनवटच्या डोंगराळ भागातून किंवा एखाद्या तांड्यावरून आलेला असतो, कोणी संध्याकाळी दुकानात राबून खोलीचे भाडे भागवितो. अशा मुलास 'तू समाजाचे देणे लागतोस' असे सांगणे म्हणजे धनकोच्याच मुलाकडून वसुली करणे नव्हे काय? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतून मुले श्रम करून शिकली, पण तेथे श्रमाने शिक्षणाचा खर्च निघे. येथे श्रमाने रोजंदारी बुडेल. ह्या आक्षेपाचे आमचे उत्तर असे की, ऋण जन्माचे नसते, मिळालेल्या वस्तूचे असते. ज्याला विद्या मिळाली तो विद्येचे देणे लागतो, मग तो कोठूनही आलेला असो. परंतु वसुलीची रीत सर्वांस एक असू नये. हे तास महाविद्यालयाच्या वेळापत्रकातच बसविले पाहिजेत. गरीब मुलाच्या मजुरीच्या वेळेतून ते कापून घेणे हा अन्यायच होय. शिवाय ज्या मुलास खेडे ठाऊक आहे, त्याला शहरी सोबत्यांच्या तुकडीत शेवटी उभा न करता वाटाड्या करावा. विहिरीचे पाणी फाल्गुनात कोठे जाते आणि गावातील कोणत्या आळीत नळ पोचत नाही, हे त्याने सांगावे आणि इतरांनी ऐकावे.

मग गुणांचे काय करावयाचे? आमचे म्हणणे असे नाही की ते सरसकट काढून टाकावेत. किल्लारीच्या भूकंपाने ह्या बाबतीत एक कठोर धडा दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपी गेले असता, लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसे दगावली. तेव्हा मदतीस धावलेल्या तरुणांपैकी कोणास श्रेयांक मिळावयाचे नव्हते. हेतूच्या शुद्धतेविषयी तेथे वाद घालणे हाच अपराध ठरावा. पण शुद्ध हेतूने केलेले सारेच उपयोगी पडले असे नाही. दूरदूरहून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. आणि मुळात ती माणसे मेली कशाने? मातीत बसविलेल्या धोंड्यांच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ह्यांच्या भाराखाली. अशी घरे भूकंपात टिकत नाहीत हे ज्ञान स्थापत्यशास्त्राला होते. गावापर्यंत ते पोचले नव्हते. पुढे नवी गावे वसविताना रस्ते सरळ आणि घरे सुटी बांधली गेली; पण रान लांब पडले, जनावरे कोठे बांधावी हे कळेना, आणि जुनी शेजारपाजारची घडी मोडली, अशा तक्रारी झाल्या. चांगुलपणा होता, पैसाही होता. उणे पडले ते ज्ञान, आणि ज्याचे घर त्याला विचारण्याची बुद्धी.

अभ्यासक्रम आणि समाजसेवा ह्यांची सांगड घालण्याचे खरे प्रयोजन येथे सापडते. रस्ता झाडण्यास रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची गरज नाही. गावकरी तो अधिक चांगला झाडतात. पण नांदेड जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे, आणि त्याने दात व हाडे बिघडतात. ते पाणी तपासून कोणत्या विंधनविहिरीचे पिण्यास घ्यावे आणि कोणत्या टाळावे हे सांगणे रसायनाच्या विद्यार्थ्यासच साधेल. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरकरांची तहान भागवावी लागली. त्या शहराच्या परिसरात पाऊस किती पडतो, उसास पाणी किती लागते आणि जमिनीतून किती उपसले जाते, ह्याचा गावागावाचा ताळेबंद मांडणे हे भूगोलाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. वाणिज्यशाखेच्या मुलींनी बचतगटाच्या बायकांस हिशेब ठेवण्यास साहाय्य करावे; मराठीच्या विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरील ओव्या टिपून घ्याव्या आणि त्यांची एक प्रत त्यांच्याच नातवंडांच्या शाळेस द्यावी. ह्या कामांत जे ज्ञान लागते त्याची परीक्षा घेता येते, आणि ती कसून घ्यावी. पाणी चुकीचे तपासणाऱ्या विद्यार्थ्यास, त्याचे मन कितीही निर्मळ असो, नापास केले पाहिजे. कारण त्याची चूक उत्तरपत्रिकेत राहत नाही, दुसऱ्याच्या घशाखाली उतरते.

तेव्हा विभागणी अशी व्हावी. ज्ञानास गुण द्यावे. तासांची नुसती नोंद करावी. ते भरले म्हणजे भरले, त्यांत पहिला-दुसरा क्रमांक नसावा. आणि चांगुलपणास काहीच देऊ नये. 'सेवाभाव : दहापैकी नऊ' असे लिहिणारा परीक्षक स्वतःस चित्रगुप्त समजू लागला आहे, असे म्हणावे लागेल. पावती मात्र गावाकडून घ्यावी. जे तपासले, मोजले, लिहिले ते ग्रामसभेत मराठीतून वाचून दाखवावे आणि त्याची प्रत गावी ठेवावी. गावाने प्रश्न विचारले तर विद्यार्थ्याने उत्तरे द्यावी. खरी तोंडी परीक्षा तीच. एका महाविद्यालयाने एकच गाव निदान पाच-सात वर्षे धरून राहावे, म्हणजे "आम्ही नवीन आहोत" असे सांगण्याची पाळी कोणावर येणार नाही. आणि 'यंदा तुम्ही येऊ नका' असे म्हणण्याचा अधिकारही गावास असावा. हा अधिकार नसेल, तर ते धनको कसले?

ह्या व्यवस्थेने सारे विद्यार्थी परोपकारी होतील, अशी आमची समजूत नाही. बहुतेक जण आपले तास भरतील, गुण घेतील आणि आपापल्या वाटेने जातील. त्यांनी देणे दिले, आपण त्यांस नावे ठेवू नये. पण थोडे असेही निघतील की हिशेब पुरा झाल्यावरही त्यांस त्या गावाची आठवण राहील, आणि पदवी मिळून चार वर्षे लोटल्यावर, कोणी बोलाविले नसता, ते तेथे पुन्हा जातील. त्या जाण्यास सेवा हे नाव आहे. ते कोणत्याही गुणपत्रकात उमटणार नाही, आणि उमटू नये. महाविद्यालयाने करावयाचे एवढेच की, ऋणाचा हिशेब चोख ठेवावा. त्यापलीकडे जे उपजते त्याला आकडा लावण्याचा मोह धरू नये.